कॉर्कच्या अलीकडचा प्रवास

आपला एखादा कलावंत युरोपातून मान मिळवून परतला, की त्याच्या गळ्यात हार घालावयास आपण मोठ्या तत्परतेने धावतो. तो तेथवर कोणत्या वाटेने गेला याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. १९८३ साली आयर्लंडातील कॉर्क येथील आंतरराष्ट्रीय लोककला महोत्सवात शाहीर विठ्ठल उमप यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले व पहिले पारितोषिक पटकाविले. ही एक ओळ त्यांच्या बहुतेक चरित्रटिपणांत आढळते. आम्हांस त्या ओळीच्या अलीकडचा प्रवास अधिक मोलाचा वाटतो.

उमपांचा जन्म १९३१ सालचा, नायगावच्या बी. डी. डी. चाळींतला. १९२० साली सरकारने मुंबई विकास खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उठविल्या. पैकी १२१ एकट्या वरळीत. खोली अवघी १६० चौरस फुटांची. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या या वस्त्यांत कोकणातला जाखडीवाला, देशावरचा गोंधळी, भारूड म्हणणारा आणि कव्वाल हे भिंतीला भिंत लावून राहू लागले.

गावी गोंधळ हा कुळाचार. लग्नकार्यानंतर देवीचे देणे फेडावयाचे, दिवटी पेटवावयाची, संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवावयाची. ऐकणारे सारे भाऊबंद. चाळीत ही घडी मोडली. वरळीच्या जांबोरी मैदानात जमणाऱ्या समुदायात एकाचा खंडोबा, दुसऱ्याची एकवीरा, तर तिसऱ्याने १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारलेला. शिवाय सकाळची पाळी चुकवून चालत नसे. परक्यांपुढे, बेताच्या वेळात, देवघराच्या आधारावाचून आख्यान उभे करण्याचे शिक्षण कलावंतास मिळाले ते येथेच. समुद्र ओलांडण्यापूर्वी या कलेने आपले गाव ओलांडले होते. तिचा पहिला परदेश म्हणजे परळ-वरळीच.

अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियास गेले, त्यापूर्वीच त्यांचा स्तालिनग्राडवरील पोवाडा रशियन भाषांतररूपाने तेथे पोहोचला होता. शब्दांस अशी सवलत असते. संबळास वाजविणाऱ्याबरोबरच बोटीत वा विमानात बसावे लागते.

देवीवाचूनचा गोंधळ म्हणजे निव्वळ देखावा, असा आक्षेप शुद्धतावादी घेतात. तो अर्धाच खरा आहे. उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी पाहिले, त्यांस एकच मनुष्य द्रौपदी, कर्ण आणि कृष्ण कसा होतो हे सांगावयास नको. कर्णाकडे ओढ घेणारे द्रौपदीचे मन त्यांच्या नुसत्या मानेच्या वळणातून कळे. विधी गळला तरी कथेकऱ्याचे सामर्थ्य शाबूत राहिले. गमावले ते निराळेच: परक्या मुलखात कोटीवर खळखळून हसणारा आणि आख्यानास हुंकार देणारा श्रोता कोठून आणावयाचा? आमच्या मते ही हानी लहान नव्हे.

नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावर असतानाच, उमप कोसळले व त्यांचे निधन झाले. इकडे बी. डी. डी. चाळी पाडून तेथे उंच इमारती उभारण्याचे काम चालू झाले आहे. रहिवाशांस मोठी घरे मिळावीत, हे न्याय्यच. परंतु त्या खोल्यांच्या माळ्यांवर शाहिरांच्या गाण्यांच्या वह्या, कार्यक्रमांची हस्तपत्रके, जुन्या ध्वनिफिती पडल्या असतील, तर सामान हलविताना त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी मागून घ्यावयास हव्यात.