जमिनीतील धातूचा शोध आणि इतिहासाचा पुरावा : माहुल परिसराच्या संदर्भात पिनपॉइंटरच्या निवडीचा विचार

सारांश :
जमिनीत पुरलेली धातूची वस्तू नेमकी कोठे आहे हे दाखविणारे हातात धरावयाचे छोटे उपकरण म्हणजे पिनपॉइंटर होय. हे उपकरण आता सर्वसामान्य माणसालाही विकत घेता येते. त्याची निवड कोणत्या निकषांवर करावी, माहुलसारख्या खाडीकाठच्या परिसरात त्याची उपयुक्तता किती आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : पिनपॉइंटर, गुप्तधन, माहुल, मुंबई गोदी स्फोट, निखात निधी कायदा

प्रस्तावना :
जमिनीत दडलेल्या धनाविषयीचे कुतूहल महाराष्ट्राच्या लोकजीवनात फार जुने आहे. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाला, डोळ्यांत अंजन घातले असता भूमिगत धन दिसते, अशी समजूत खेड्यापाड्यांतून प्रचलित होती. या समजुतीपायी अनेक अघोरी प्रकार घडले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा समावेश करावा लागला, यावरून या समजुतीची खोली लक्षात येते.

आज पायाळूची जागा यंत्राने घेतली आहे. माहुल कोळीवाड्यातून आमच्या वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, पिनपॉइंटर घ्यायचा आहे, कोणता घेऊ? गोदीतलं सोनं आमच्या बाजूच्या गाळात असेल ना?" प्रश्न साधा होता, परंतु त्यात तंत्रज्ञान, कायदा आणि इतिहास या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या होत्या. त्या विद्यार्थ्याला वर्गात देता न आलेले सविस्तर उत्तर म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

उद्दिष्टे :
१) पिनपॉइंटरच्या तंत्राचा थोडक्यात ऐतिहासिक आढावा घेणे.
२) माहुल परिसराच्या संदर्भात त्याच्या निवडीचे निकष तपासणे.
३) अशा शोधाच्या कायदेशीर व पुरातत्त्वीय मर्यादा स्पष्ट करणे.

धातुशोधक यंत्राचा इतिहास :
या यंत्राचा आरंभ धनाच्या शोधातून झाला नाही, तर एका जखमी माणसाचे प्राण वाचविण्याच्या धडपडीतून झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनावर चालणारे उपकरण तयार केले. त्यांचा प्रयत्न फसला. त्यास जी कारणे दिली जातात त्यांत रुग्णाच्या गादीतील लोखंडी स्प्रिंगा हे एक प्रमुख कारण होय. १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफिल्ड यांचे निधन झाले. अगदी जवळून एका धातूच्या तुकड्याची जागा ठरविणारे बेल यांचे ते उपकरण आजच्या पिनपॉइंटरचे पूर्वज मानावयास हरकत नाही. सभोवती अन्य धातू असल्यास यंत्र फसते, हा त्या प्रसंगाचा धडाही आजतागायत खरा आहे.

पुढे गेरहार्ड फिशर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत धातुशोधकाचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी विकसित केलेला सुरुंगशोधक १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत वापरला गेला. मुंबईकरांना या यंत्राचा परिचय झाला तो मुख्यतः सुरक्षा तपासणीमुळे. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मॉल, हॉटेल व चित्रपटगृहांच्या दारांवर अंगावरून फिरविली जाणारी दांडी सर्वांच्या ओळखीची झाली. पिनपॉइंटर हे त्याच दांडीचे आखूड, गाजराच्या आकाराचे भावंड होय. मोठ्या धातुशोधकाने जमिनीवर इशारा दिला की खड्डा खणला जातो आणि त्या खड्ड्यात किंवा उकरलेल्या मातीत वस्तू नेमकी कोठे आहे हे पिनपॉइंटरच्या टोकाने शोधले जाते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी त्याचा पल्ला काही सेंटिमीटर एवढाच असतो. म्हणजेच हे उपकरण एकटे घेऊन जमीन शोधता येत नाही. खरेदी करणाऱ्याने सर्वप्रथम ही मर्यादा लक्षात घेतली पाहिजे.

माहुलची भूमी आणि निवडीचे निकष :
माहुल हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यातील, तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याचे कोळी-आगरी वस्तीचे जुने गाव. पश्चिमेस खाडी व चिखलपट्टा, पलीकडे शिवडी आणि त्याच्या दक्षिणेस मुंबईची गोदी. १९५० च्या दशकाच्या मध्यास येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले आणि गावाचे रूप पालटले. या भूमीची वैशिष्ट्ये लक्षात घेतल्यास निवडीचे निकष पुढीलप्रमाणे ठरतात.

पहिला निकष पाण्याचा. खाडीकाठी वापरावयाचे उपकरण पूर्णतः जलरोधक असले पाहिजे. गॅरेट कंपनीचा 'प्रो-पॉइंटर एटी' सुमारे ६ मीटर खोलीपर्यंत पाण्यात चालतो, तर नोक्ता कंपनीचा 'पल्सडाइव्ह' पाणबुड्यांसाठी, ६० मीटरपर्यंतच्या वापरासाठी बनविलेला आहे.

दुसरा निकष क्षाराचा. खारे पाणी व खारा चिखल हे स्वतःच विद्युत्वाहक असतात. त्यामुळे अखंड लहरींवर चालणारा साधा पिनपॉइंटर ओल्या चिखलात धातू नसतानाही वाजू शकतो. स्पंदन पद्धतीवर चालणारी उपकरणे खाऱ्या जागी अधिक स्थिर राहतात. साधे उपकरण घ्यावयाचेच असेल, तर संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची आणि चिखलाला टेकवून पुन्हा शून्यावर आणण्याची सोय त्यात आहे की नाही, हे पाहावे.

तिसरा निकष धातूच्या ओळखीचा. बहुतेक पिनपॉइंटर धातू आहे एवढेच सांगतात, तो कोणता हे सांगत नाहीत. काही उपकरणे लोखंड वेगळे दाखवितात, परंतु तेवढ्याने येथील अडचण सुटत नाही. कोळी बांधवांच्या पागाला शिशाचे मणी असतात. वर्षानुवर्षे तुटून पडलेले असे शिसे खाडीच्या गाळात असणे स्वाभाविक आहे. शिसे आणि सोने दोन्ही लोहेतर असल्याने त्यांच्या लहान तुकड्यांचा इशारा जवळजवळ सारखाच येतो. त्यात बोटींचे खिळे, तारा व कारखान्यांचे भंगार यांची भर पडते. बेल यांना गादीच्या स्प्रिंगांनी जसे चकविले, तसे माहुलचा गाळ शोधकास चकवील.

याखेरीज आवाजाऐवजी कंप देण्याची सोय, दांड्यावरील मोजपट्टी, टोकाचा दिवा आणि हातमोजे घालूनही दाबता येणारे बटण या गोष्टी पाहाव्यात. मोठा धातुशोधक व पिनपॉइंटर यांच्या लहरी एकमेकांत मिसळत नाहीत ना, याचीही खात्री करावी.

सोन्याचा प्रश्न :
नैसर्गिक सोन्यासाठी पिनपॉइंटर घ्यावा काय? माहुलपुरते याचे उत्तर नकारार्थी आहे. मुंबईचा खडक दख्खनच्या लाव्हारसाचा आहे आणि त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. महाराष्ट्रात सोन्याचे अंश आढळतात ते विदर्भातील, नागपूर-भंडारा भागातील, अतिप्राचीन खडकांत. नदीच्या वाळूतील सोने मध्य प्रांतातील सोनझरा लोक लाकडी परातीत वाळू धुऊन मिळवीत असत. सराफकट्ट्यावरील झारेकरी आजही सोनारांच्या दुकानांतील केरकचरा व गटारातील माती धुऊन सोन्याचे कण वेगळे करतात. हे कण इतके सूक्ष्म असतात की कोणताही पिनपॉइंटर त्यांवर वाजणार नाही. सोन्याच्या जडपणावर आधारलेली झारेकऱ्याची परात तेथे विजेच्या यंत्राहून श्रेष्ठ ठरते.

राहिले गोदीचे सोने. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके, कापसाच्या हजारो गासड्या आणि ३१ पेट्यांत प्रत्येकी ४ याप्रमाणे १२४ सोन्याच्या विटा होत्या. प्रत्येक वीट सुमारे १२.७ किलोची होती. मृतांचे आकडे सुमारे आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळे दिले जातात. ६६ अग्निशामक जवान त्यात हुतात्मा झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्फोटात उडालेली एक वीट सुमारे मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली व त्यांनी ती सरकारजमा केली. इतर विटा ढिगाऱ्यातून व गोदीतील गाळ उपसताना मिळत गेल्या. १९७० च्या दशकापर्यंत अशा विटा सापडत होत्या.

या सोन्याने मुंबईच्या कल्पनाशक्तीला जी भुरळ घातली, ती अद्याप उतरलेली नाही. परंतु १२.७ किलोची वीट जेमतेम ६६० घनसेंटिमीटर आकाराची, म्हणजे बांधकामाच्या विटेच्या निम्म्याहूनही लहान असते. एवढा जड व लहान ठोकळा मऊ गाळात खोल जातो, तर पिनपॉइंटरचा पल्ला काही सेंटिमीटरचा. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २०११ मध्ये गोदीच्या परिसरात सुमारे ४५ किलोचा जिवंत तोफगोळा सापडला. म्हणजे ज्या स्फोटाने सोने विखुरले, त्यानेच दारूगोळाही विखुरला. यंत्राचा आवाज दोन्हींसाठी सारखाच असतो. अनोळखी धातूच्या गोळ्यावर खुरपे मारण्यापूर्वी एवढे आठवावे आणि तत्काळ पोलिसांना कळवावे.

कायद्याची चौकट :
१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली व दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. माहुलच्या बाबतीत ही खबर मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागेल. वस्तू बेवारस ठरल्यास आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसल्यास तीनचतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्यास व एकचतुर्थांश जागामालकास मिळतो. शासनाला ती हवी असल्यास धातूची किंमत अधिक तिचा एकपंचमांश देऊन ती घेता येते. खबर न दिल्यास हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गोदीच्या सोन्याला तर मालक होता. ते बेवारस धन मानून खिशात घालता येणार नाही.

१९५८ च्या कायद्याने संरक्षित पुरातत्त्वीय क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खननास बंदी आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे जुने नाणे वा शिल्प हे पुरावस्तू ठरते. याखेरीज माहुल परिसरातील बराच भाग कांदळवन वा प्रतिबंधित औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे खणणे हा स्वतंत्र गुन्हा ठरेल.

यंत्राला ऐकू न येणारा इतिहास :
वरील सर्व निकषांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. बाराव्या शतकातील शिलाहार राजा हरिपालदेव याच्या काळातील एक शिलालेख माहुल येथे मिळाला. या गावाच्या प्राचीनतेचा हा महत्त्वाचा लेखी पुरावा दगडाचा आहे. कोणताही पिनपॉइंटर त्यावर टेकविला तरी तो मुकाच राहील. खापरे, विटा, मणी, हाडे, कोळसा या पुरातत्त्वाच्या नित्याच्या साधनांनाही यंत्र ओळखत नाही. जो केवळ यंत्राच्या आवाजामागे खणत जातो, तो एका खिळ्यासाठी या सर्वांची उलथापालथ करतो.

मुंबईच्या उत्तरेस सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग हरिताश्माचा, स्फटिकाचा व शेवटी सोन्याचा करंडक, आतबाहेर सोन्याची फुले आणि सभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती अशी ती रचना होती. हे करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. वजनाने पाहिले तर त्यातील सोने थोडेच. परंतु कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आत होती, मूर्ती कोठे होत्या, याची नोंद झाली म्हणून त्यातून बौद्ध परंपरेचा इतिहास उलगडला. हीच वस्तू कोणी रातोरात उकरून वितळविली असती, तर काही तोळे सोने उरले असते आणि इतिहास गेला असता.

म्हणून पिनपॉइंटरचे योग्य स्थान परवानाप्राप्त उत्खननाच्या खड्ड्यात आहे. तेथे थर खरवडताना नाणे खुरप्याच्या आघाताने मोडू नये, उपसलेल्या मातीत एखादी वस्तू निसटू नये, यासाठी ते उत्तम काम करते. शोधलेल्या वस्तूची जागा, खोली व थर यांची नोंद होणे ही मात्र अट आहे.

निष्कर्ष :
१) पिनपॉइंटर हे साहाय्यक उपकरण आहे, स्वतंत्र शोधयंत्र नव्हे.
२) खाडीकाठासाठी जलरोधक, खाऱ्या जमिनीत स्थिर राहणारे व पुन्हा शून्यावर आणता येणारे उपकरण निवडावे.
३) माहुलच्या खडकात नैसर्गिक सोने नाही. गोदीचे सोने शोधण्यास हे उपकरण अपुरे आहे आणि तो शोध धोकादायकही आहे.
४) सापडलेल्या वस्तूची खबर देणे हे कायदेशीर कर्तव्य आहे, तर तिच्या जागेची नोंद ठेवणे हे इतिहासाप्रती कर्तव्य आहे.

त्या विद्यार्थ्याला प्रस्तुत लेखकाने अखेर इतकेच सुचविले की, यंत्र घेण्याआधी एक वही घ्यावी आणि गावातील वृद्धांकडून जुन्या बंदराच्या, पागाच्या व १९४४ च्या त्या दुपारी ऐकू आलेल्या आवाजाविषयीच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्या दिवसाचे साक्षीदार आता थोडेच उरले असतील. गाळातले सोने थांबू शकते, त्यांच्या आठवणी थांबणार नाहीत.