छत उघडल्यावर गाणे कुठे जाते? : लहान कन्व्हर्टिबल गाडीतील ध्वनिव्यवस्थेचा इतिहास

समजा, तुमच्या हाती १९९० सालची एक जुनी माझदा एमएक्स-५ आली आहे. दोनच आसने, १६०० सीसीचे इंजिन, वजन जेमतेम साडेनऊशे किलोच्या आसपास आणि हाताने मागे दुमडता येणारे कापडी छत. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती जगापुढे आणली. अमेरिकेत ती 'मियाटा' या नावाने खपली. गाडी उभी असताना तिच्यातला कॅसेट प्लेयर बरा वाजतो. छत उघडून तुम्ही ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने निघता आणि पहिल्या दोन मिनिटांत तबला जातो, मग बेस गिटार जाते, आणि शेवटी उरते ती फक्त गायकाची वरची पट्टी. खिशात पैसे थोडे आहेत. त्यातला पहिला पैसा कुठे खर्च कराल?

दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : जास्त वॅटचा सेट घ्या. या टिपणात आपण त्याच प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत. गेल्या शंभर वर्षांत गाडीतला आवाज ज्या ज्या वेळी खरोखर सुधारला, त्या त्या वेळी अभियंत्यांनी आधी काय केले हे पाहिले, तर 'वॅट' हा शब्द त्या यादीत फार खाली सापडतो.

सुरुवात १९३० पासून करू. शिकागोचे पॉल गॅल्विन यांनी त्या वर्षी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी ते अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला घेऊन गेले. मंडपात जागा घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून गाडी बाहेर उभी करून रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. तो रेडिओ म्हणजे 'मोटोरोला'. पुढे कंपनीचेच नाव तेच झाले. किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती. त्या काळात फोर्डची अख्खी मॉडेल ए गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळत असे, म्हणजे रेडिओ ही चैनच होती.

पण आपल्याला किमतीपेक्षा अडचण महत्त्वाची. रेडिओ बनवणे अवघड नव्हते, चालत्या गाडीत तो ऐकू येणे अवघड होते. पेट्रोल इंजिनातली प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच असतो. तिची खरखर थांबवण्यासाठी प्लगच्या तारांमध्ये रोधक बसवावे लागले, डायनॅमोवर कपॅसिटर लावावे लागले, धातूचे भाग एकमेकांना तारेने जोडून घ्यावे लागले. व्हॉल्व्हना शंभर व्होल्टच्या आगेमागे दाब लागे आणि गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टची. त्यामुळे आधी पायाखालच्या फळीखाली कोरड्या बॅटऱ्यांचा वेगळा डबा ठेवत. नंतर 'व्हायब्रेटर' नावाच्या थरथरणाऱ्या संपर्कयंत्राने ती गरज संपवली. पहिल्या दशकातली बहुतेक मेहनत आवाज वाढवण्यावर नव्हे, गोंगाट घटवण्यावर खर्च झाली, हे ध्यानात ठेवा.

याच धड्याचा पुढचा अंक एका उघड्या गाडीतच घडला. १९५३ ची शेवरोले कॉर्व्हेट. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या उघड्या छताच्या आणि सगळ्यांची बॉडी फायबरग्लासची. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. पोलादी बॉनेट इंजिनाच्या ठिणग्यांना आपोआप झाकून ठेवते, फायबरग्लासचे बॉनेट ठेवत नाही. म्हणून कॉर्व्हेटच्या डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या तारांवर धातूची आवरणे चढवावी लागली. मात्र त्याच गुणाचा एक फायदाही झाला. अँटेनाची जाळी डिकीच्या झाकणाच्या आतच बसवता आली, कारण ते झाकण लहरींना अडवत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडीही फायबरग्लासचीच. अशा गाडीत स्टिरिओची काळी तार जवळच्या कुठल्याही स्क्रूला बांधून चालत नाही. अर्थिंगची तार थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी लागते.

तुमची मियाटा पोलादी आहे, तरी रोग तोच. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून वर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते ना? तो अल्टरनेटर, आणि बहुतेक वेळा कारण असते गंजलेला किंवा सैल अर्थ. रंग खरवडून, दाते असलेला वॉशर घालून तो जोड पक्का करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पहिला खर्च इथे करा.

मधल्या काळातली यंत्रे आपण भरभर ओलांडू. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा गाडीतला रेडिओ आणला. १९५६ च्या मॉडेलांबरोबर क्रायस्लरने गाडीत चक्क ग्रामोफोन बसवला. मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी तबकडी आणि ती खड्ड्यात उडू नये म्हणून सुईवर भारी दाब. कल्पना धाडसी होती, पण टिकली नाही. १९६५ मध्ये फोर्डने आठ ट्रॅकची टेप दिली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फिलिप्सची कॅसेट गाडीत शिरली. युरोपातून स्टिरिओच्या खाचेचे जर्मन माप जगभर गेले : सुमारे १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. जपानी कंपन्यांनी त्याच्या दुप्पट उंचीची खाच रूढ केली आणि तुमच्या मियाटात तीच आहे. या मापामुळेच आज कोणताही स्वस्त सेट तुमच्या पस्तीस वर्षांच्या गाडीत करवत न चालवता बसतो. प्रमाणीकरणाने गरिबाचे किती पैसे वाचवले, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आता वॅट. माझ्या पिढीने नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' ही अक्षरे आणि त्यापुढचे हजारातले आकडे पाहिलेले आहेत. त्या आकड्यांना मोजमापाचा काहीच आधार नसे. गाडीतल्या सेटवर '५० वॅट × ४' असे लिहिलेले असते, तेही तपासून पाहा. इंजिन चालू असताना गाडीतला दाब असतो साधारण १४.४ व्होल्ट. साध्या रचनेच्या ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचे शिखर याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ७.२ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये यातून आदर्श स्थितीत साडेसहा वॅट निघतात. तुमच्यापैकी इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी टीडीए २००३ ही चिप ब्रेडबोर्डवर लावली असेल. ती मुळात गाडीच्या रेडिओसाठीच बनवलेली आहे आणि तिच्या माहितीपत्रकात ४ ओहमला ६ वॅटच लिहिलेले आहेत. दोन ॲम्प्लिफायर उलट दिशेने जोडून, म्हणजे ब्रिज करून, स्पीकरला पूर्ण १४.४ व्होल्टचे शिखर देता येते. मग मर्यादा होते २६ वॅट. प्रत्यक्षात विकृतीविना अठरा-वीस मिळाले तरी पुष्कळ. मग ते ५० आले कुठून? १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा : ५१.८. म्हणजे लहरीची डोकी पूर्ण छाटून ती चौकोनी झाल्यावरची ही शक्ती आहे. ते संगीत नव्हे, तो ठणठणाट.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरची शक्ती कशी सांगावी याचा नियम केला, पण तो घरगुती उपकरणांपुरता. गाडीतली उपकरणे मोकळीच राहिली. २००३ मध्ये उद्योगानेच 'सीईए-२००६' हे ऐच्छिक मानक काढले : १४.४ व्होल्ट, ४ ओहम, एक टक्क्यापर्यंत विकृती. स्वस्त ॲम्प्लिफायर घेताना खोक्यावर हे मानक शोधा. नसेल तर आकडा वाचू नका.

शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, जेमतेम जाणवेल इतका. त्याऐवजी ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरच्या जागी ९२ चा स्पीकर लावला, तर ६ डेसिबल मिळतात, म्हणजे शक्ती चौपट केल्यासारखे. ॲम्प्लिफायर तोच राहतो.

स्पीकरकडे वळलोच आहोत तर आणखी मागे, १९२५ मध्ये जाऊ. जनरल इलेक्ट्रिकमधले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी आजच्या फिरत्या गुंडाळीच्या स्पीकरचे मूळ रूप मांडले. त्यांच्या कामात एक साधी गोष्ट होती. पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. पुढची आणि मागची लहर भेटली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून दोहोंमध्ये एक फळी हवी. आता तुमच्या मियाटाच्या दाराचे आतले प्लास्टिक काढून पाहा. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके आहेत आणि त्यांवरचा प्लास्टिकचा कागद एव्हाना फाटलेला असतो. म्हणजे फळीलाच भगदाड! ही भोके ब्यूटिलच्या चिकट पट्टीने बंद केली आणि स्पीकरच्या कडेला फोमची गोल पट्टी लावली, की त्याच स्पीकरमधून हरवलेला तबला बराचसा परत येतो. काच खाली जाण्याचा मार्ग मात्र मोकळा ठेवा आणि दाराच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजवू नका, नाहीतर दार आतून कुजेल. काचेमुळेच इथे फार खोल स्पीकर बसत नाही. विकत घेण्याआधी खोली मोजा.

उघड्या गाडीत स्पीकरवर पाऊस आणि ऊन दोन्ही पडते. कागदी पडदा ओल धरतो, फोमची कड काही वर्षांत भुगा होते. बीबीसीच्या संशोधन विभागात १९७० च्या दशकात पॉलिप्रोपिलीनच्या पडद्यावर काम झाले, तेही स्टुडिओतल्या अचूक आवाजासाठी. पण पाणी न पिणारा हा पडदा पुढे गाड्यांच्या दारांत पोहोचला. तुम्ही तोच घ्या, आणि कड रबराची.

तरीही छत उघडल्यावर खालचे स्वर कमी पडतीलच. बंद गाडीची लहान खोली सुमारे ७० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना स्वतःच बळ देते. छत काढले की ती खोलीच उरत नाही. उरलेसुरले वारा झाकतो, कारण वाऱ्याचा गोंगाटही मुख्यतः खालच्याच पट्टीत असतो. म्हणून मियाटाच्या इवल्या डिकीत मोठा सबवूफर कोंबण्यात मला अर्थ दिसत नाही. डिकी जाते, पैसे जातात, आणि बेस मागच्या गाडीवाल्याला ऐकू येतो.

माझदाच्या अभियंत्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या पिढीच्या अनेक मियाटांमध्ये आसनाच्या डोक्याशी, उशीच्या आत, लहान स्पीकर दिलेले होते. गणित करा. दारातला स्पीकर कानापासून साधारण १ मीटर दूर, उशीतला १५ सेंटिमीटरवर. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त नियमाने कागदावर १६ डेसिबलचा फरक पडतो. दाराच्या स्पीकरमधून तेवढा आवाज कानापाशी आणायचा तर शक्ती चाळीसपट लागेल. २०१५ च्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये बोस कंपनीची व्यवस्था घेतली, तरी स्पीकर उशीत आहेतच. जुन्या गाडीतले उशीतले स्पीकर बहुधा मेलेले असतात. ते बदलणे हा सगळ्यांत फायद्याचा खर्च. मात्र त्या चिमुकल्या पडद्यांना खालचे स्वर देऊ नका. ४ ओहमच्या स्पीकरला २०० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर एकसर जोडा, म्हणजे सुमारे २०० हर्ट्झच्या खालचे स्वर हळूहळू गळत जातील.

यानंतर पैसे उरले तरच वेगळा ॲम्प्लिफायर. या गाडीची बॅटरी डिकीत आहे. वजनाचा तोल साधण्यासाठी ती तिथे ठेवली, पण सोय तुमची झाली. ॲम्प्लिफायरही डिकीतच ठेवा. जाड तांब्याची तार मीटरभर पुरते, तिला बॅटरीपाशीच फ्यूज लावा.

शेवटचे गणित कानाचे, आणि ते मी वर्गात नेहमी मुलांकडून करवून घेतो. महामार्गाच्या वेगाला उघड्या गाडीत चालकाच्या कानाशी ८५ ते ९० डेसिबल इतका गोंगाट मोजला गेलेला आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. वाऱ्यावर मात करण्यासाठी तुम्ही गाणे ९५ डेसिबलवर नेले, तर दिवसाला तुमच्या वाट्याला येतात ४७ मिनिटे. मुंबई-पुणे अंतराच्या निम्म्यातही ती संपतात. उशीतले स्पीकर वाऱ्याचा गोंगाट कमी करत नाहीत, त्यामुळे त्यांनाही हाच हिशेब लागू. बाजूच्या काचा वर ठेवा, आसनांमागे वारा अडवणारी जाळी किंवा ॲक्रिलिकची फळी लावा. ती घरीही बनवता येते. लांबच्या प्रवासात छत वर करून ऐका, आणि गावातल्या रस्त्यावर ताशी चाळीसने जाताना ते खाली घ्या.