विमानतळ विश्रांतिकक्ष

विमानतळ विश्रांतिकक्ष : विमानाची वाट पाहणाऱ्या विशिष्ट प्रवाशांसाठी सर्वसाधारण प्रतीक्षागृहापासून वेगळी राखलेली जागा. व्यवहारात तिला ‘लाउंज’ म्हणतात. आरामशीर बैठक, खाद्यपेये, वृत्तपत्रे, इंटरनेट व क्वचित स्नानगृह अशा सोयी तेथे असतात. तथापि कक्षाचे खरे मूल्य सोयींपेक्षा प्रवेशाच्या निर्बंधात आहे. त्यामुळे या कक्षाचा इतिहास हा मुख्यतः प्रवेशाधिकाराचा इतिहास होय.

प्रतीक्षेतील वर्गभेद विमानाच्या आधीचा आहे. भारतात १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली व पुढे मोठ्या स्थानकांवर वरच्या वर्गांसाठी स्वतंत्र प्रतीक्षालये आली. तिसऱ्या वर्गाचा उतारू मुसाफिरखान्यात वा फलाटावर वळकटी टाकून बसे. त्याच्या हालअपेष्टांवर महात्मा गांधींनी १९१७ मध्ये प्रखर टीका केली. भारतीय विमानवाहतुकीच्या आरंभी मात्र असा भेद करण्यास जागाच नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहू येथे उतरले. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई व मग सारा कारभार पुण्यास येरवडा तुरुंगाजवळच्या माळावर हलवावा लागे. तेथे विश्रांतिकक्ष कोठून असणार?

अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये उघडलेला ‘ॲडमिरल्स क्लब’ हा विमानकंपनीचा पहिला विश्रांतिकक्ष मानतात. कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ निवडक व्यक्तींना ‘ॲडमिरल’ ही मानद पदवी देत. प्रवेश तिकिटावर नव्हे, निमंत्रणावर मिळे. पुढे पक्षपाताच्या तक्रारी झाल्या व वर्गणी भरून सभासद होण्याची पद्धत रूढ झाली.

महायुद्धोत्तर काळात आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांच्या परस्पर करारांनी ठरत. भाड्यात चढाओढ नसल्याने ती आदरातिथ्यात होऊ लागली. १९४६ मध्ये निर्माण झालेला एअर-इंडियाचा ‘महाराजा’ हा त्याचाच नमुना. संस्थाने विलीन होण्याच्या सुमारास जन्मलेल्या या महाराजाचे नाव पुढे कंपनीच्या विश्रांतिकक्षांना मिळाले. १९७० नंतर सवलतीची तिकिटे वाढली, तेव्हा पूर्ण भाडे भरणारा व्यापारी प्रवासी आपण स्वस्तात जाणाऱ्यांच्याच रांगेत बसतो अशी कुरकुर करू लागला. त्याचे समाधान म्हणून त्या दशकाच्या अखेरीस ‘बिझनेस क्लास’ हा मधला वर्ग निघाला आणि विश्रांतिकक्षाचा प्रवेश तिकिटातच गोवला गेला.

१९९७ मध्ये ‘स्टार अलायन्स’ स्थापन झाल्यावर एका कंपनीच्या प्रवाशास तिच्या सहकारी कंपन्यांच्या कक्षांत जाता येऊ लागले. एअर इंडिया या संघटनेत २०१४ मध्ये आली. याहून मोठा बदल ‘प्रायॉरिटी पास’ (१९९२) सारख्या योजनांनी व बँकांच्या कार्डांनी घडविला. कक्ष चालविणारी संस्था दर भेटीमागे बँकेकडून आकार घेते; तिकीट कोणत्या वर्गाचे हा प्रश्नच उरत नाही. परिणामी भारतीय विमानतळांवर कक्षांबाहेर रांगा लागू लागल्या आणि गर्दी टाळण्यासाठी काढलेली जागाच गर्दीची झाली. अनेक बँकांनी मग कार्डावरील किमान खर्चाची अट घातली. निमंत्रण, वर्गणी, तिकीट व शेवटी खर्च असा हा अधिकाराचा प्रवास आहे.

सातारा जिल्ह्यातील फलटणचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. या जुन्या संस्थानी नगरास रेल्वेच २०१९ मध्ये आली. विमानासाठी सुमारे ११० किमी. वरील पुणे गाठावे लागते. वाहतुकीची खात्री नसल्याने प्रवासी पुष्कळ आधी निघतो आणि त्याची प्रतीक्षा पुणेकराहून लांबते. कमिन्स समूहाच्या फलटण येथील कारखान्यांमुळे बिझनेस क्लासने येणारे-जाणारे अधिकारी या भागास अपरिचित नाहीत. परदेशी शिकणाऱ्या मुलाला भेटण्यास निघालेले आईवडील मात्र बहुधा साध्या वर्गाने जातात आणि घरचा डबा उघडून द्वारालगतच्या खुर्च्यांवर बसतात. फलटणमध्येही ‘विमानतळ’ नावाचे एक मैदान आहे. तेथून प्रवासी विमाने सुटत नाहीत. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा तळ तेथे पडतो व असंख्य वारकरी राहुट्यांत वा उघड्यावर विसावा घेतात.