दाढ नव्हे, नस!

आमची आजी रोहिणखेडची (मोताळा तालुका, जिल्हा बुलढाणा). ती आठवते ती उजव्या गालावर पदर दाबून बसलेली. वारं लागलं, घास चावला, नुसती चूळ भरली तरी गालातून वीज गेल्यासारखी कळ. काही सेकंदांत बंद, आणि परत सुरू. दाढच दुखत असणार म्हणून एकेक करत तीन दाढा काढल्या. "तीन दाढा गेल्या, पन दुखूनच राह्यलं बापा!"

पुढे कितीतरी दिवसांनी निदान झालं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. २०११ मध्ये सलमान खानमुळे पेपरात आलेला तोच आजार. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस बिघडते, दात बिचारे ठणठणीत असतात. चिठ्ठीवर दोन गोळ्या होत्या, कार्बामाझेपिन आणि बॅक्लोफेन. मेडिकलवाला म्हणाला, दुसरी तर स्नायू सैल करायची आहे. मग ती नसेच्या दुखण्याला कशाला? माझं डोकं तिथेच अडकलं.

या दुखण्याची वर्णनं जुनी आहेत. फ्रान्समध्ये आंद्रेने १७५६ साली केलं, लंडनच्या फॉदरगिलने १७७३ साली. पण औषध नव्हतं. एकोणिसाव्या शतकात त्रूसो या फ्रेंच डॉक्टरला ही अचानक येणारी कळ फिट येण्यासारखी वाटली. निरीक्षण साधंच, पण पुढची सगळी गाडी त्याच रुळावरून गेली. १९४२ मध्ये फिटचं औषध फेनिटोइन या कळेवर वापरलं गेलं. १९६२ मध्ये स्वीडनच्या ब्लोमने कार्बामाझेपिन वापरलं, आणि आजही पहिली गोळी तीच.

त्याच १९६२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत बॅक्लोफेन तयार झालं, तेही फिटसाठीच. तिथे ते नापास झालं! पण आखडलेले स्नायू मात्र सैल पडले, म्हणून 'मसल रिलॅक्संट' हे लेबल चिकटलं. खरं तर ते स्नायूला हातच लावत नाही. ते मज्जारज्जूत, जिथे एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तिथे, तो निरोप दाबतं. चेहऱ्याच्या नसेचे निरोपही मेंदूच्या बुडाशी असेच पुढे जातात. अमेरिकेत फ्रॉम आणि सहकाऱ्यांनी ते तिथे आजमावलं. १९८४ च्या त्यांच्या चाचणीत रुग्ण फक्त दहा, त्यातल्या सातांच्या कळा कमी झाल्या. पुरावा तुटपुंजाच, म्हणून बॅक्लोफेन अजून दुसऱ्या फळीत, कार्बामाझेपिन सोसेना किंवा पुरेना तेव्हा. गुंगी येते, आणि एकदम बंद केलं तर भास, फिट असले प्रकार होऊ शकतात. त्यामुळे डोस वाढवणं-कमी करणं डॉक्टरनेच.

आजी दुपारभर पेंगायची. पण भाकरी दुधात न कुस्करता खायला लागली, डाव्या बाजूने. उजवीकडे चावायला दाढा होत्या कुठे?