सुलतान खानांची तीन प्यादी

आमच्या नांदेडच्या मोहल्ल्यात लहानपणी जे बुद्धिबळ खेळले जायचे त्यात प्यादे एकच घर चालायचे. पहिल्या चालीत त्याला दोन घरांची मुभा असते, हे मला लातूरला बीएड करताना एका मित्राने सांगितले आणि मी त्याच्याशी भांडलो. पुढे कळले की दोघेही बरोबर होतो. आमचा डाव जुना हिंदुस्थानी होता, त्याचा युरोपातला. हे अंतर चार-पाच वर्षांत कापून जगाच्या पहिल्या रांगेत जाऊन बसलेला माणूस म्हणजे मीर सुलतान खान.

पंजाबातल्या सरगोधा भागातल्या मिठा टिवाणा गावचे. हिंदुस्थानी बुद्धिबळ ते घरातच शिकले. त्या डावात आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता आणि प्यादे एकेक घर सरकायचे. १९२६च्या सुमारास सर उमर हयात खान या जमीनदाराने त्यांना पदरी ठेवले आणि युरोपातले नियम शिकण्याची सोय केली. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले. १९२९ साली विलायतेत गेले आणि त्याच वर्षी ब्रिटनचे विजेतेपद जिंकले. १९३२ आणि १९३३ साली ते पुन्हा जिंकले.

त्यांचा सर्वांत गाजलेला डाव १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला आहे. समोर होते क्युबाचे कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातले जगज्जेते. सुलतान खानांकडे पांढरे मोहरे होते. राजा अजून मूळ घरात होता, किल्लेकोट झालेला नव्हता आणि चौदाव्या चालीत त्यांनी राजाच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. आधी राजाला सुरक्षित करावे, असे नवशिक्यालाही शिकवतात. इथे राजाच्या आसऱ्याची प्यादीच मोकळी सुटली होती. एकोणिसाव्या चालीत शेजारचे, घोड्यापुढचे प्यादेही दोन घरे गेले आणि विसाव्या चालीत आणखी एक घर. त्याने काळ्या घोड्याला हुसकले. घोडा शेवटच्या रांगेत परतला आणि त्रेसष्टाव्या चालीपर्यंत तिथून हललाच नाही.

मग कापाब्लांकांनी आपले दोन्ही हत्ती देऊन पांढरा वजीर घेतला. वजीर मोकळ्या पटावर भारी पडतो, पण या पटावर प्याद्यांनी वाटा बंद केल्या होत्या. पस्तिसाव्या ते एकेचाळिसाव्या चालीपर्यंत काळा वजीर दोनच घरांत ये-जा करत राहिला. एवढ्या वेळात सुलतान खानांचा राजा सावकाश चालत पटाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

तिकडे तिसरे प्यादे तयार होत होते, वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे. तिसाव्या चालीत ते दोन घरे निघाले, पंचेचाळिसाव्या चालीत एक घर पुढे गेले. एकोणसाठाव्या चालीत घोड्याला कोंडणारे प्यादे वजिराने खाल्ले. सुलतान खानांनी ते जाऊ दिले, कारण त्यांचा हत्ती आता दुसऱ्या बाजूने आत शिरणार होता. त्रेसष्टाव्या चालीत तिसरे प्यादे आणखी एक घर सरकले आणि पासष्टाव्या चालीनंतर कापाब्लांकांनी हार मानली.

तिन्ही प्याद्यांची पहिली उडी दोन घरांची आहे. लहानपणीच्या डावात ही चाल नव्हतीच. पण नंतरचे चालणे बघा. एकेक घर, मध्ये पंधरा-पंधरा, अठरा-अठरा चाली थांबून. मला यात जुन्या डावाचा सब्र दिसतो. नवे नियम त्यांनी घेतले, जुने शहाणपण मात्र टाकले नाही.

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर त्यांना घेऊन मायदेशी परतले. १९३५ साली त्यांनी आपल्या मराठी व्ही. के. खाडिलकरांना दहा डावांच्या सामन्यात हरवले. त्यात एकच डाव बरोबरीत सुटला. त्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला ते दिसले नाहीत. १९५० साली जागतिक संघटनेने पहिल्यांदा २७ जणांना ग्रँडमास्टर किताब दिला. त्यात रुबिनस्टाइन होते, ज्यांनी तेव्हा खेळ सोडून बरीच वर्षे झाली होती. १९३१ साली प्रागमध्ये सुलतान खानांनी त्यांनाही हरवले होते. सुलतान खान हयात होते, पण यादीत नव्हते. १९६६ साली ते वारले. किताब मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, इस्लामाबादेत, पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर म्हणून.

आपल्याकडे त्यांची ओळख बहुधा 'अडाणी नोकर' अशीच करून दिली जाते. पिरांच्या घराण्यातला हा माणूस अडाणी किंवा गुलाम नव्हता, असे त्यांच्या नातीने लिहून सांगितले आहे. मला ते पटते. 'अडाणी' म्हटले की मेहनत पुसली जाते आणि उरतो तो चमत्कार. चमत्काराला कोणी किताब देत नाही.

आणि ते कोणाचे? खेळले अखंड हिंदुस्थानात, ऑलिम्पियाडमध्ये ब्रिटनच्या बाजूने, दफन झाले पाकिस्तानात. भारताचे पहिले ग्रँडमास्टर १९८८चे विश्वनाथन आनंद, हे योग्यच आहे. पण सरहद्द १९४७ची आहे, डाव त्याच्या आधीचा. शाळेत मुले प्यादे, वजीर, शह, मात म्हणतात तेव्हा हे शब्द फारसीतून आले आहेत, हे मी त्यांना सांगतो. आता पटही मांडतो आणि चौदाव्या चालीवर थांबून विचारतो, "तुम्ही काय खेळला असता?" हत्तीपुढच्या प्याद्याला अजून कोणी हात लावलेला नाही.