पहिल्या पावसातील निसरडे रस्ते : शहरी वाहनचालकांनी काय ध्यानात ठेवावे?

मालगुंड (ता. रत्नागिरी) : कोकणात बर्फ पडत नाही. महाराष्ट्रात गोठलेले दव पाहावयाचे तर कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी जावे लागते. तेथेही गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर जमलेले हिमकण उन्हे वर येताच विरून जातात. तरीही बर्फाळ रस्त्यावरील वाहनाची जी गत होते, तिचा सौम्य अवतार आपल्याकडे दर वर्षी जूनच्या आरंभी अनुभवास येतो. मे महिन्याची सुटी संपवून चाकरमानी मुंबई-पुण्याकडे परततात, गणपतीपुळे व मालगुंड येथे पर्यटकांच्या गाड्या असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाची पहिली सर कोसळते.

सवय नसलेल्या शहरांची दैना

उष्ण हवामानातील शहरांना थोडासा बर्फही कसा पुरतो, याची दोन उदाहरणे अमेरिकेच्या दक्षिण भागात आढळतात. २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटा शहरात जेमतेम पाच सेंटिमीटर हिमवर्षाव झाला. सर्व जण एकाच वेळी घरी निघाले, चाकांखाली दबलेला बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि हजारो लोकांना रात्र गाडीतच काढावी लागली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे पहाटे महामार्गावर गोठलेल्या पावसामुळे १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली व सहा जणांचा मृत्यू झाला. बर्फाचा पातळ थर पारदर्शक असल्याने रस्ता केवळ ओला आहे असे भासते. पहिल्या पावसात आपल्याकडेही नेमका हाच दृष्टिभ्रम होतो.

पहिली सर घातक का?

उन्हाळ्याच्या चार महिन्यांत डांबरावर इंजिनातून गळालेले तेल, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ साचत जाते. पहिली हलकी सर हे सारे धुऊन नेण्याइतकी जोरदार नसते. मात्र त्याचा चिकट राबडा करण्यास पुरेशी असते. दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला की हा थर वाहून जातो. म्हणजे रिमझिम पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटे ही अधिक सावध राहण्याची वेळ होय.

कोकणात यात आणखी भर पडते. जांभ्याची लाल माती उतारावरून रस्त्यावर येते. मासळी वाहून नेणाऱ्या गाड्यांतून सांडलेले पाणी वळणावर तेलकट डाग सोडते. त्यावरून दुचाकी घसरण्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. ऑगस्टमध्ये झाडांच्या सावलीतील रस्त्याच्या कडांवर शेवाळ धरते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेता हा धोका संपूर्ण हंगामभर रूप बदलत राहतो.

थांबण्याचे अंतर

ताशी ६० किलोमीटर वेगातील मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर हेच अंतर सुमारे ३५ मीटर आणि बर्फावर सुमारे १४० मीटर होते. ब्रेकवर पाय जाण्यास लागणाऱ्या एका सेकंदात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. हाच वेग ताशी ४० वर आणल्यास ओल्या रस्त्यावरील अंतर सुमारे १६ मीटरवर येते. वेग एक-तृतीयांशाने कमी केला, तर थांबण्याचे अंतर निम्म्याहून कमी होते. इतर कोणत्याही उपायापेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक ठरतो.

मालगुंडकडे येताना

मुंबईहून येणारी वाहने सामान्यतः निवळी फाट्यावर महामार्ग सोडून जाकादेवी, चाफेमार्गे येतात. हा रस्ता अरुंद व वळणांचा असून महामार्गावरील वेग येथे चालत नाही. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे येणारा सागरी रस्ता निसर्गरम्य आहे. परंतु चढ-उतार, तीव्र वळणे आणि वाऱ्याने येणारी वाळू यांमुळे तेथे दृश्य पाहत वाहन हाकू नये. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आंबा घाट ओलांडावा लागतो. पावसाळ्यात धुके व दरडी यांचा तेथे उपद्रव असतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून या घाटातील वाहतूक विस्कळीत झाली होती.

ही दक्षता घ्यावी

- पावसाळ्यापूर्वी टायर तपासावेत. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली नियमानुसार किमान १.६ मिलिमीटर हवी. गुळगुळीत टायर पाणी बाजूला सारू शकत नाही व वेगात पाण्यावर तरंगू लागतो.
- पुढील वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे.
- ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये.
- वेग वळणापूर्वीच कमी करावा. वळणात ब्रेक दाबू नये.
- दुचाकीस्वारांनी पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे व पुलांवरील सांधे सरळ रेषेत, ब्रेक न लावता ओलांडावेत.
- पुलावरून पाणी वाहत असल्यास वाहन घालू नये.
- अपघात झाल्यास ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा.

गाडी घसरू लागल्यास प्रथम अॅक्सिलरेटरवरील पाय उचलावा आणि गाडी जेथे न्यायची आहे, त्या दिशेस स्टिअरिंग हळुवार वळवावे. एबीएस असलेल्या मोटारीत ब्रेक घट्ट दाबून धरावा. पायाखाली जाणवणारी थरथर हा बिघाड नसतो. एबीएस नसल्यास ब्रेक थांबून-थांबून दाबावा, अन्यथा चाके जाम होऊन गाडी सरकत जाते.

हिमालयात जाताना

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीपलीकडे हिवाळ्यातही पर्यटक जाऊ लागले आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. कोकणातील पावसात वाहन चालविण्याचा अनुभव तेथे पुरेसा नाही. ओल्या डांबराच्या चौपट अंतर बर्फावर लागते, हे वरील हिशेबावरून दिसतेच. हिमवर्षाव झाल्यावर पोलीस चारही चाकांना शक्ती मिळणारी अथवा चाकांना साखळ्या लावलेली वाहनेच पुढे सोडतात. अशा वेळी स्वतः वाहन चालविण्याचा आग्रह न धरता स्थानिक चालकाची गाडी करावी आणि त्याने परत फिरण्यास सांगितल्यास हुज्जत न घालता परत फिरावे.