काळी, पांढरी आणि मधला उकिरडा

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे घरं, देऊळ, चावडी असलेली वस्तीची जागा. माणसं पांढरीत राहतात आणि काळीत राबतात.

पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण मला या दोन शब्दांत दिसतं. त्या प्रकरणात साधारण असं लिहिलेलं असतं: परिसंस्थेत ऊर्जा एका बाजूने येते आणि निघून जाते, पण द्रव्य फिरत राहतं. सूर्यप्रकाश रोज नवा मिळतो. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश मात्र आहेत तेच पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. ज्वारीच्या कणसात गेलेला फॉस्फरस माणसाच्या नाहीतर बैलाच्या पोटात जातो, आणि तिथून तो मातीत परतला नाही, तर पुढच्या कणसाला कमी पडतो. परीक्षेपुरतं हे वाचून आपण विसरतो. पण आपल्याकडच्या शेतीचा इतिहास या एका वाक्याभोवती लावून पाहिला, की तो फार वेगळा दिसायला लागतो.

पांढरी कशी पांढरी झाली

वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्यामागे खरंखुरं रसायन आहे. पिढ्यानपिढ्या एकाच जागी चुली पेटल्या, राख पडली, हाडं कुजली, भिंती कोसळल्या, शेणाचे थर बसले, की तिथली माती राखाडी-पांढरट आणि भुसभुशीत होते. तिच्यात चुना आणि फॉस्फरस साचतो. म्हणून जुन्या वस्तीचा शोध घेताना पुरातत्त्वज्ञ मातीतला फॉस्फेटही तपासतात.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे अनेक वर्षं तिथे उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. दख्खनमधल्या अशा पांढरीच्या टेकाडांबद्दल उत्खनन करणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे: शेतकरी ती माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकतात. पुरातत्त्वाचं यात मोठं नुकसान झालं, हे खरंच. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहा. काळीतून पांढरीत आलेलं द्रव्य तो परत काळीत नेत होता. मध्ये दोन-तीन हजार वर्षं गेली होती, एवढंच.

काळीला काय हवं असतं

आपली काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, आणि पावसात सगळं पुन्हा फुगतं. जमीन स्वतःला वरखाली करत राहते. ओल धरून ठेवायची ताकद तर अशी, की पावसाळा संपल्यावर नुसत्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते.

काळा रंग पाहून वाटतं, हिच्यात सगळंच भरपूर असणार. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश असतंच. पण नायट्रोजन आणि सेंद्रिय कर्ब बेताचाच. उष्ण हवेत जिवाणू सेंद्रिय पदार्थ झपाट्याने संपवतात, त्यामुळे थंड देशांतल्या मातीसारखा त्याचा साठा इथे होत नाही. दरवर्षी कमवायचं आणि दरवर्षी खर्चायचं, असा या मातीचा संसार.

शेतकऱ्यांनी या खर्चासाठी आपल्या सोयी केल्या होत्या. शेणखत होतं. धनगरांची मेंढरं रात्री शेतात बसवायची, म्हणजे लेंडीखत आणि मूत थेट मातीत. आणि बेवड होता. कुठल्या पिकाच्या मागे कुठलं पीक चांगलं येतं, याचं ज्ञान या एका शब्दात आहे. तूर-हरभऱ्याचा बेवड चांगला, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. त्याचं कारण युरोपात 1886 ते 1888 च्या सुमारास हेलरीगल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी सिद्ध केलं: कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात आणि ते हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात.

उकिरडा कोण उपसत होतं

काळी आणि पांढरी यांना जोडणारा दुवा म्हणजे उकिरडा. गोठ्यातलं शेण, उरलेला कडबा, चुलीची राख, घरातला केर सगळं तिथे जायचं आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात. शहरांतही असाच प्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात मैल्यापासून खत तयार करून ते उसाच्या मळ्यांसाठी विकलं जात होतं. आपल्या भाषेत त्याला सोनखत म्हणतात.

इथवर वाचून ‘पूर्वी सगळं किती शाश्वत होतं’ असं म्हणायचा मोह होतो. मला मात्र त्या सोन्यासारख्या नावापाशी थांबावंसं वाटतं, कारण ते सोनं डोक्यावर कोण वाहत होतं, हे त्या नावात नाही. मैला वाहणं जातीने लादलेलं काम होतं. गावात मेलेलं जनावर ओढून नेणं महारांवर लादलेलं होतं. शेण वेचण्याचं, गोवऱ्या थापण्याचं काम बायकांचं. चक्र फिरत होतं हे खरं, पण ज्यांच्या हातांनी ते फिरत होतं त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर काळीचा तुकडाही नव्हता, आणि पांढरीत त्यांची घरं वेशीबाहेर होती.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडण्याचं आवाहन केलं. जनावरं ओढण्याचं काम सोडण्याची चळवळही त्या काळात उभी राहिली. शाश्वततेचा इतिहास लिहिताना ही तारीख त्यात असायलाच हवी. जे चक्र माणसाला माणूसपण नाकारून चालतं, ते मोडण्याचा त्या माणसांना पूर्ण हक्क होता. प्रश्न उरतो तो हा, की त्याच्या जागी दुसरं, माणसाला साजेसं चक्र आपण उभं केलं का.

आगगाडीतून काय गेलं

दुसऱ्या बाजूनेही हे चक्र सुटत होतं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे धावू लागल्या.

इथे विज्ञान एक गंमत दाखवतं. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि पाण्यापासून बनतो. नुसती रुई परदेशी गेली तर मातीचं फारसं काही जात नाही. मातीतली पोषकद्रव्यं सरकीत असतात, आणि सरकी इथे राहून बैलांच्या पोटात गेली तर ती शेणातून परत येते.

खरी गळती जवस, तीळ, भुईमूग अशा तेलबियांतून आणि हाडांतून होत होती. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. बिया जहाजाने युरोपला गेल्या की पेंड तिथल्या गाईंना आणि त्यांचं शेण तिथल्या शेतांना. हाडं गेली की त्यांच्याबरोबर फॉस्फरस गेला. 1889-90 मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे इंग्लिश कृषिरसायनतज्ज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून देशभर फिरले. 1893 साली त्यांचा अहवाल निघाला. इथला शेतकरी अडाणी आहे हा समज त्यांनी खोडून काढला आणि नेमकं दुखणं सांगितलं: शेण जळणात जातं, कारण लाकूड मिळत नाही. सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी राखीव झाडी वाढवा, म्हणजे शेण शेतात जाईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मातीचा प्रश्न रानाशी आणि चुलीशी जोडलेला होता. ‘इकोसिस्टम’ हा शब्द आर्थर टॅन्सली यांनी वापरला 1935 साली, पण अशी जोडलेली साखळी या अहवालात आधीच दिसते.

इंदूरचे खड्डे

माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा इंदूरचा आहे. अल्बर्ट हॉवर्ड 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तोलामोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांनी बरोबरीने गव्हावर काम केलं. 1924 मध्ये होळकर संस्थानात, इंदूरला, हॉवर्ड यांनी नवी संस्था उभारली. शेतकरी आणि पिकांवरच्या किडी यांना ते आपले शिक्षक मानत.

इंदूरला समोर होती तीच काळी माती आणि तोच जुना पेच: शेण थोडं, त्यातलं बरंच चुलीत. मग शेतातला बाकीचा कचरा वापरून थोड्या शेणात जास्त खत करता येईल का? त्यांनी लांबरुंद, उथळ खड्डे घेतले. त्यांत पिकांचे अवशेष, तण आणि पाला, त्यावर शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख असे थर दिले. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतल्या. पाणी शिंपडलं, ठरावीक दिवसांनी ढीग उलटापालटा केला, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार.

आत काय घडतं? कोरड्या काडीकचऱ्यात कर्ब भरपूर आणि नायट्रोजन कमी. शेणमुतात नायट्रोजन जास्त. कर्ब आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण 30 ला 1 असलं, की बुरशी आणि जिवाणू जोमाने कामाला लागतात. ढीग इतका तापतो की हात घालवत नाही. चाळण्यामुळे हवा मिळते, म्हणून घाण वास येत नाही. शेवटी ते प्रमाण 10 ला 1 च्या आसपास येतं आणि हाती येतो काळा, भुसभुशीत ह्यूमस.

1931 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या कामावरचं पुस्तक काढलं. त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्या संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. पुढे इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली, हॉवर्ड तिचे आद्यपुरुष ठरले. आज सेंद्रिय शेतीबद्दल जगात कुठेही वाचा, हॉवर्ड भेटतात. वाड क्वचितच. ज्या शेतकऱ्यांची उकिरड्याची विद्या त्या खड्ड्यांत होती, त्यांची नावं तर कुठेच नाहीत. सोनखताच्या बाबतीत जे झालं तेच इथेही, फक्त सौम्य रूपात.

गोणीतलं खत

त्यानंतर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची युक्ती जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडली होती. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सिंद्रीला, नंतर तुर्भ्याला कारखाने आले आणि खत गोणीतून घरी यायला लागलं. त्या गोण्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. त्यांनी कोट्यवधी पोटं भरली, आणि कोणाला डोक्यावरून काही वाहायला न लावता शेतात नायट्रोजन पोचवला.

पण गोणी नायट्रोजन देते, कर्ब देत नाही. युरियाने पीक वाढतं. मातीतल्या जिवांना खायला, मातीचे कण धरून ठेवायला, ओल टिकवायला लागतो तो सेंद्रिय पदार्थ वेगळाच द्यावा लागतो. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा एक रकाना असतो. 0.5 टक्क्यांच्या खाली आकडा आला की ‘कमी’ असा शेरा. तुमच्यापैकी ज्यांची गावी शेती आहे त्यांनी हा कागद एकदा मागवून बघा. बैल गेले, गोठे रिकामे झाले, पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या जातात. त्या रकान्यात हे सगळं एका आकड्यात उतरलेलं असतं.

आणि पांढरी? ती आता शहर झाली आहे. मी पुण्यात राहते. माझ्या ताटातली भाजी जुन्नरची, कांदा नगरकडचा, तूर मराठवाड्याची. त्यांतल्या पोषकद्रव्यांचा मोठा भाग सांडपाण्यातून नदीत जातो आणि साली-देठं कचऱ्याच्या गाडीत. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षं पुण्याच्या कचऱ्याचे डोंगर सोसले. हे डोंगर म्हणजे आपल्या काळातली पांढरीची टेकाडं. फरक एवढाच, की त्यांच्यात प्लास्टिक, काच आणि बॅटऱ्या मिसळल्यामुळे शेतकऱ्याने गाडी भरून न्यावी अशी ती माती राहिलेली नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. आमच्या सोसायटीत त्यावर महिन्याला एकदा तरी भांडण होतं. तो वेगळा केला नाही तर मिसळलेला कचरा निवडायचं काम पुन्हा कोणाच्या तरी उघड्या हातांवर पडतं, आणि ते हात बहुतेक वेळा त्याच समाजांतल्या बायकांचे असतात ज्यांच्या आज्या हेच करत होत्या. तो वेगळा केला, तर केळीच्या सालीतला पोटॅश निदान काळीच्या वाटेला लागतो, आणि कोणाला आपली घाण चिवडावी लागत नाही. त्या बादलीकडे मी तेवढ्यासाठी लक्ष देते.